हात आपला, उत्तर तिचे: मुंबईतल्या लेखनिक सेवेचा अभिप्राय

आधी गुण देऊन टाकू, कारणे मागाहून. कामाला पाचपैकी पाच. ते काम मुंबईत ज्या पद्धतीने जुळवले जाते त्या व्यवस्थेला अडीच, आणि त्या अडीचातलाही एक व्हॉट्सॲपचा.

काम असे आहे. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात लिहू शकत नाही, अशा परीक्षार्थीला प्रश्नपत्रिका वाचून दाखवायची आणि तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत उतरवायचे. सरकारी कागदावर याला ‘लेखनिक’ म्हणतात, बाकी सगळीकडे ‘रायटर’. ‘उद्या सकाळी आठला ठाण्यात बँकेचा पेपर, रायटर हवा, अर्जंट’ असे निरोप फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोबाइलवर फिरत असतात.

घराचे हप्ते आटोक्यात आले, मुले आपापल्या मार्गाला लागली की ‘आता पुढे काय’ हा प्रश्न या शहरात बऱ्याच जणांना गाठतो. त्यावर बाजारात माल भरपूर आहे. कर्जतची मौनशिबिरे आहेत, पहाटे पाचला उठवणारी ॲप आहेत, वाढदिवशी अनाथाश्रमात केक कापून फोटो काढून देणारी पॅकेजेही आहेत. त्यांच्या शेजारी ही सेवा ठेवली तर एक गोष्ट वेगळी दिसते. इथे परीक्षेला बसायचे, पण निकाल आपला नसतो. आपली हुशारी तर दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावी लागते. जन्मभर टक्क्यांसाठी घासलेल्या माणसाला हे वाटते तितके सोपे जात नाही.

पहिला धक्का पात्रतेचा. ‘मी एम.टेक. आहे, रिटायर झालोय, कधीही हाक मारा’ असे सांगणाऱ्याला बहुधा कोणीच हाक मारत नाही. केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाच्या शिक्षणावर, वयावर बंधन घालू नये असा सूर होता. २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांनी तो बदलला. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवे, असे ठरले. म्हणजे दहावीच्या पेपरला नववीतले पोर, बारावीला अकरावीतले, पदवीच्या पेपरला बारावी झालेले. त्या सूचनांनुसार पदवीधर माणूस एम.ए., एम.कॉम.च्या पेपरला चालायचा, बी.ए.च्या नाही. परीक्षार्थीच्या नावावर लेखनिकानेच पेपर सोडवू नये हे त्यामागचे कारण, आणि ते रास्त आहे. पण त्यामुळे झाले असे, की पदवी जितकी मोठी तितका इथे भाव कमी. पार्ल्याच्या निवृत्त प्राध्यापकाला काम नाही आणि एफ.वाय.च्या मुलीला पाच ठिकाणांहून बोलावणे. नियम त्यानंतरही हलत राहिले आहेत. म्हणून त्या परीक्षेचे, त्याच वर्षीचे परिपत्रक उघडून वाचावे. ‘मागच्या वेळी चाललं होतं’ हे वाक्य परीक्षा केंद्राच्या दारात काहीही कामाचे नसते.

लेखनिक कोणाला मिळतो हेही नीट माहीत असावे. २०१८ च्या सूचनांप्रमाणे अंध, दोन्ही हातांना अपंगत्व असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले उमेदवार मागतील तर त्यांना ही सोय द्यायची होती. इतर दिव्यांगांना जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे ‘लिहिता येत नाही’ असे प्रमाणपत्र लागत होते. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही असा निकाल दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. लेखनिकाच्या दृष्टीने फरक इतकाच, की समोरच्याला दिसत असेल तर वाचून दाखवायचे काम टळते, पण तो खांद्यावरून आपले अक्षर बघत बसतो. काही जणांना हे अंध विद्यार्थ्यापेक्षा जास्त अवघड जाते.

वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, अडीच तासांचा तीन तास वीस मिनिटांचा, दोनाचा दोन तास चाळीसचा. त्यात अर्धा तास आधी पोहोचणे आणि दोन्हीकडचा लोकलचा प्रवास धरला तर एका पेपरला अख्खा दिवस गेला असेच समजावे. ‘दुपारी एकच्या मीटिंगला पोहोचतो’ असा हिशोब करून आलेला माणूस शेवटच्या प्रश्नाला घड्याळ बघतो, आणि घड्याळ बघणाऱ्याचा श्वास बदलतो. ज्याला दिसत नाही त्याला तो बरोबर ऐकू येतो.

नाव कुठे द्यायचे? वरळीला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे. धोबी तलावला सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचे एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दादरची कमला मेहता या अंधांच्या जुन्या शाळा आहेत. अशा ठिकाणी जाऊन चौकशी करावी. कॉलेजच्या एन.एस.एस.कडेही (राष्ट्रीय सेवा योजना) अशी कामे येतात. तिथे वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि चार तासांचा पेपर हिशोबात छान बसतो. तास भरण्यापुरते येणारे असतात, त्याला हरकत नाही. पण तास पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन बंद करणारे असतात, त्यांच्यामुळे एखाद्याचा पेपर बुडतो. पैसे विद्यार्थ्याकडून घेऊ नयेत, रिक्षाचेसुद्धा. परीक्षा घेणारी संस्था मानधन देत असेल तर तो वेगळा प्रश्न.

तयारी दोन दिवस आधी सुरू होते. फोनवर पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: विषय, माध्यम, पेपर किती मिनिटांचा, केंद्र नेमके कुठे, आणि उत्तरे लिहायची आहेत की पर्याय निवडायचे आहेत. यातला माध्यमाचा प्रश्न मुंबईत सर्वात जास्त दगा देतो. होकार देणारी मुले बहुतेक इंग्रजी माध्यमाची, आणि मराठी माध्यमातून इतिहासाचा पेपर देणारी मुलगी भरभर सांगते: ‘सार्वभौमत्व, निःशस्त्रीकरण, अर्थव्यवस्थेचे उदारीकरण’. विसर्ग कुठे, रफार कुठे, जोडाक्षराचा कुठला अर्धा भाग आधी, यात हात अडकतो. मराठी बोलता येणे आणि चार तास मराठी लिहिता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शंका असेल तर आदल्या दिवशी वर्तमानपत्रातला अर्धा स्तंभ कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगून उतरवून बघावा. दहा मिनिटांत काय ते कळते, आणि नकार द्यायलाही तेव्हा वेळ असतो. सकाळी सात वाजता दिलेला नकार विद्यार्थ्याच्या उपयोगाचा नाही.

कागद: आपले ओळखपत्र मूळ आणि झेरॉक्स, शिक्षणाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. स्वतःचा लेखनिक आणत असल्याचे हमीपत्र विद्यार्थ्याच्या आणि लेखनिकाच्या माहितीसह आधी भरून, लागेल तिथे प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन. हमीपत्रावरचे नाव आणि आधारवरचे नाव एकच हवे. लग्नानंतर बदललेले आडनाव, ‘बाळकृष्ण’चे ‘बाळासाहेब’ या असल्या गोष्टींवरून दारात पाऊण तास जातो आणि तो वाढीव वेळात धरत नाहीत. शक्यतो आदल्या दिवशी विद्यार्थिनीला भेटावे. परीक्षा घेणारी संस्थाच लेखनिक देत असेल तर दोन दिवस आधी भेटू द्यावे, असे २०१८ च्या सूचनांतही होते. त्या भेटीत गप्पा मारू नयेत, एक उत्तर लिहून बघावे. बोलण्याचा वेग लिहिण्याच्या कितीतरी पट असतो. तिने कुठे थांबायचे आणि लेखनिकाने काय म्हटले की पुढे जायचे, हे तेव्हाच ठरते. सर्वात चांगली चालणारी युक्ती अगदी साधी आहे: लिहून झालेले शेवटचे दोन शब्द लेखनिकाने हळू म्हणायचे. तिला पेन कुठे पोहोचला ते कळते आणि ‘झालं का? झालं का?’ हा वेळखाऊ प्रश्न मिटतो.

पेनांत जेलपेक्षा बॉलपेन बरे. जेलचा डाग घाईत तळहाताला लागून ओळ फासते. एकाच बनावटीची तीन पेने, पट्टी, पाण्याची बाटली. पुरवण्या बांधायला दोरा केंद्रावर मिळतो, पण शेवटच्या पाच मिनिटांत तो कुठे आहे हे शोधत फिरण्यापेक्षा आधीच मागून घ्यावा.

आता वर्गातले. प्रश्नपत्रिका हाती आली की लिहायला सुरुवात करायची नाही. आधी ती पूर्ण वाचायची, सूचनांसकट, गुणांसकट. ‘खालीलपैकी कोणतेही तीन’ हे तीन शब्द गाळले तर मुलगी पाचही उत्तरे सांगत बसेल, आणि चूक आपली असेल. वाचताना ती क्रम ठरवते. तो क्रम कच्च्या कागदावर प्रश्नक्रमांकांनी लिहून ठेवावा, कारण दोन तासांनंतर तिच्या डोक्यात तीनच प्रश्न उरलेले असतात आणि प्रत्यक्षात पाच. दर अर्ध्या तासाला वेळ सांगावी, पण ‘फक्त पंचेचाळीस मिनिटं राहिली’ अशी नाही, ‘पंचेचाळीस मिनिटं आहेत’ अशी. पुढची गोष्ट नुसती ऐकून पटत नाही, एकदा अनुभवावी लागते: वाचणाऱ्याच्या आवाजात उत्तर असते.

चार पर्याय वाचायचे आहेत. बरोबर पर्याय लेखनिकाला माहीत आहे. पहिले दोन सपाट वाचले जातात, तिसऱ्याशी आवाज किंचित उचलला जातो, चौथा घाईत संपतो. समोरची मुलगी आयुष्यभर आवाजावरून माणसे ओळखत आली आहे. तिला कळते. काहींना ते आवडते, काही चिडतात, कारण त्यांना उत्तर आधीच येत असते आणि आता ते कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. उपाय एकच: चारही पर्याय एकाच पट्टीत, एकाच वेगाने, रेल्वेच्या उद्घोषणेसारखे वाचायचे. संगणकावरच्या परीक्षेत निवडलेला पर्याय मोठ्याने परत म्हणायचा: ‘क निवडला, जतन केला, पुढचा प्रश्न’. तक्ता असेल तर आधी स्तंभांची शीर्षके, मग एकेक ओळ. आकडे गोल करायचे नाहीत. २,४९,८५० म्हणजे ‘अडीच लाख’ नव्हे, ते तसे समजायचे की नाही हे तिने ठरवायचे.

गणितात तर उच्चारच गोत्यात आणतो. ‘एक छेद दोन अधिक तीन’ असे तिने म्हटले, तर उत्तर साडेतीन की एक पंचमांश? छेदात फक्त दोन की दोन अधिक तीन, हे विचारलेच पाहिजे. ही मदत नव्हे, हे श्रुतलेखन आहे. ‘दोन क्षचा वर्ग’ म्हटले तर वर्ग फक्त क्षचा की दोन क्ष या सगळ्याचा? कंस उघडला आणि कंस बंद झाला हे दोन्ही बोलायची सवय आदल्या दिवशीच्या भेटीत लावून घ्यावी. अपूर्णांकाची रेघ किती लांब ओढायची हा प्रश्न डोळस माणसाला कधी पडत नाही. इथे तो प्रत्येक पायरीला पडतो.

आणि मग ती सांगते: ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना एक मे एकोणीसशे छप्पन्न साली झाली.’

१९५६ हे संयुक्त महाराष्ट्र समितीचे वर्ष. राज्य झाले १९६० ला. शाळेत दर एक मेला झेंड्याला सलाम केलेल्या कोणालाही हे माहीत असते, तिलाही असणार, घाईत दोन सनांची गाठ पडली. लेखनिकाने काय करायचे? छप्पन्न लिहायचे. ‘नक्की?’ विचारायचे नाही. खोकायचे नाही. सर्वात अवघड म्हणजे पेन थांबवायचे नाही, कारण कागदावर पेन चालल्याचा आवाज तिला ऐकू येत असतो आणि तो थांबला की ते थांबणेही एक इशाराच. बाकीची वाक्ये ज्या वेगाने लिहिली त्याच वेगाने ‘१९५६’ लिहून पुढे जायचे. शेवटी उत्तरे वाचून दाखवताना तेच वाक्य तितक्याच निर्विकारपणे पुन्हा वाचायचे. तिथे तिला सापडले तर ती सांगेल, ‘थांबा, साठ करा.’ नाही सापडले तर दोन गुण गेले. ते तिचे गेले. ते घालवायचा तिला तितकाच हक्क आहे जितका बाजूच्या वर्गातल्या पाचशे डोळस मुलांना.

या सेवेत मिळण्यासारखे जे काही आहे ते या पाच सेकंदांत आहे, असे आमचे मत. उत्तर माहीत असून गप्प बसण्याची सवय या शहरात कोणालाच नाही, ट्रेनमध्ये नाही, ऑफिसात तर नाहीच. ‘मदत’ म्हणजे आपल्याजवळ आहे ते दुसऱ्याला देणे, एवढेच आपण शिकलेले असतो. इथे द्यायचा तो फक्त हात आणि डोळे. डोके देऊ केले तर तिच्या गुणपत्रिकेतले तिचे काहीच उरत नाही.

शुद्धलेखनाचा मात्र गुंता आहे आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही. ब्रेलमध्ये ह्रस्व आणि दीर्घ यांची चिन्हे वेगळी असतात, म्हणून ब्रेलवर वाढलेल्या मुलांना वेलांट्या पक्क्या ठाऊक असतात. जी मुले फक्त ऐकून शिकली, ध्वनिफितींवर आणि मोबाइलवर मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, त्यांच्यासाठी ‘दिन’ आणि ‘दीन’ हे एकच. लेखनिक बरोबर लिहितो तेव्हा ते गुण कोणाचे? इतिहास-अर्थशास्त्रात हा वाद फुका आहे, लेखनिकाने त्याला येते तसे नीट लिहावे. भाषेच्या पेपरात व्याकरणाचे प्रश्न असतील, लेखननियमांनुसार शब्द ओळखा असे असेल, तर अक्षर अक्षर सांगायला लावावे: ‘द ला दुसरी वेलांटी’. इंग्रजीच्या स्पेलिंगचेही तेच. हे पर्यवेक्षकासमोर आधी स्पष्ट बोलून घेतले की पुढे शंका निघत नाही.

व्यवस्थेला अडीच का, तेही सांगायला हवे. लेखनिकांसाठी चांगले केंद्र म्हणजे तळमजला, वेगळी खोली, एका खोलीत एकच जोडी. प्रत्यक्षात अनेकदा चार जोड्या एकाच वर्गात बसवतात. चार जण एकाच वेळी उत्तरे सांगत असतात, आणि कोपऱ्यातल्याने ‘पानिपत’ म्हटले की उरलेल्या तिघांच्या उत्तरांत पानिपत येते. अशा वेळी सर्वात लांबचा कोपरा मागावा, भिंतीकडे तोंड करून बसावे आणि लेखनिकाने कान तिच्या तोंडाजवळ न्यावा, तिला ओरडायला लावू नये. दुसरी अडचण नेहमीच्या वेळेच्या घंटेची. घंटा झाली की शिपाई गठ्ठा मागायला येतो, वाढीव तास आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पेपर सुरू होण्याआधीच पर्यवेक्षकाला सुटण्याची वेळ फळ्यावर लिहायला सांगावी. फळ्यावरच्या आकड्याशी कोणी भांडत नाही.

तिसरी अडचण मुंबईची स्वतःची. स्पर्धा परीक्षा बहुतेक रविवारी, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. सकाळी जाताना गाडी मिळते, येताना चार तास वाकलेल्या मानेने दोन गाड्या बदलाव्या लागतात. जाताना विद्यार्थिनीला स्टेशनवरून सोबत न्यायचे असेल तर ‘इंडिकेटरखाली भेटू’ असे म्हणून उपयोग नाही. कोणता फलाट, कोणत्या जिन्याच्या पायथ्याशी, हे ठरवावे. दिव्यांगांचा डबा फलाटावर नेमका कुठे लागतो ते तिला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते, तिला विचारावे. तिचा दंड धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, ती कोपराच्या वर धरते आणि अर्धे पाऊल मागे चालते, मग पायरी आली की आपल्या हाताच्या हालचालीवरून तिला कळते. ‘पायरी’ एवढे म्हणून भागत नाही, चढती की उतरती ते सांगावे. भेटल्यावर आपले नाव सांगावे आणि निघतानाही सांगून निघावे, नाही तर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. पर्यवेक्षक ‘हिला पाणी हवंय का?’ असे आपल्याला विचारतील. उत्तर देऊ नये, तिच्याकडे बघावे. चौथ्या पेपरापर्यंत तेही तिलाच विचारू लागतात.

वर ज्यांना पदवीमुळे दार बंद झाले त्यांच्यासाठी याच सेवेचा दुसरा भाग आहे, आणि माणसे तिथेच कमी पडतात. वर्षभराच्या अभ्यासाची पुस्तके वाचता येतील अशा रूपात तयार करणे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार दिव्यांगांसाठी अशी प्रत काढायला मुभा आहे. अंधांसाठीच्या पुस्तकांबाबतचा मराकेश करार मंजूर करणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. कायदा बाजूने आहे, अडते ते मुद्रितशोधनावर. स्कॅन केलेल्या मराठी पानावरून यंत्र अक्षरे ओळखते, पण अनुस्वार गाळते, ‘ऱ्या’चे काहीही करते, ‘श्र’ आणि ‘त्र’ यांत गल्लत करते आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावरचे प्रकरणाचे नाव मजकुराच्या मध्येच घुसवते. जुन्या क्लासच्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असल्या तर पडद्यावर सुरेख मराठी दिसते आणि वाचक सॉफ्टवेअर मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडते. आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना मराठी म्हणून कळणाऱ्या लिपीसंकेतात बदलावे लागते, मग ओळ ओळ तपासावे लागते. शीर्षकांना शीर्षकाची शैली द्यावी, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट प्रकरणावर उडी मारता येते. चित्र असेल तिथे दोन वाक्यांत वर्णन लिहावे, नकाशा असेल तर चार. तळटिपा वाक्याच्या मध्ये येऊ देऊ नयेत. शेवटी एनव्हीडीए हे मोफत मिळणारे वाचक सॉफ्टवेअर लावून, स्क्रीन बंद करून, दहा पाने ऐकावीत. कानाला जिथे खटकेल तिथे चूक सापडते. नवख्या माणसाला तासाला पाच-सहा पानांपेक्षा जास्त होत नाहीत, आणि दोनशे पानी पुस्तक म्हणजे दोन महिन्यांच्या संध्याकाळी. निवृत्त प्राध्यापकांनी इथे यावे. इथे पदवी आड येत नाही, चष्म्याचा नंबर फक्त येतो.

कोणी येऊ नये हेही लिहून टाकू. ज्याला भेटीनंतर फोटो टाकायचा आहे त्याने येऊ नये. परीक्षा केंद्रात मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे निम्मे आपोआप गळतात. ज्याचे अक्षर डॉक्टरांसारखे आहे त्याने येऊ नये, त्याने मुद्रितशोधन करावे. ‘बिचारी, किती हुशार आहे नाही?’ असे तिच्यासमोर तिसऱ्या माणसाला सांगणाऱ्याने तर अजिबातच नको.

पेपर संपला की पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर लिहिली आहे का, बारकोड चिकटवला का, तिची सही किंवा अंगठा योग्य चौकटीत आहे का, हे तीनदा बघावे. बाहेर आल्यावर ‘ते छप्पन्न नव्हतं गं’ असे सांगायचा मोह होतो. सांगू नये, तिचा परवा भूगोल आहे. निकालही विचारू नये. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल.

काम बरे झाले की नाही हे पुढच्या सत्रात कळते. लेखनिकांची यादी बनवणाऱ्या ताईंचा फोन येतो, बहुधा रात्री साडेनऊच्या पुढे: ‘तिने तुम्हालाच मागितलंय, चालेल ना?’ विषय, तारीख, केंद्र लिहून घ्यावे, आणि हो म्हणण्याआधी त्या रविवारचा मेगाब्लॉक बघावा.